सॉफ्टवेअर दिवाणजींच्या हाती देताना: विंडोजसाठी इन्स्टॉलर कसा बांधायचा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गूळ अडत दुकानासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब देणाऱ्या चिठ्ठीचं, सॉफ्टवेअर लिहिणं हे एक काम. ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवाणजींना कुणाच्या मदतीशिवाय बसवता यावं, ही तजवीज करणं हे दुसरं. या दुसऱ्याला आपल्याकडे बरेच जण काम समजतच नाहीत. आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालला की फोल्डरची झिप करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुकानात जाऊन डेस्कटॉपवर सोडायची आणि शॉर्टकट काढून द्यायचा. गिऱ्हाईक यार्डापुरतं असेल तोवर हे निभतं. उद्या गडहिंग्लज, निपाणी, कराडची दुकानं आली की प्रत्येक दुरुस्तीला गाडी काढावी लागते, आणि कुठल्या दुकानात कुठली आवृत्ती आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख त्या दुसऱ्या कामासाठी आहे. उदाहरण म्हणून पायथॉनमध्ये लिहिलेला, खिडक्यांसाठी पायसाइड आणि साठवणीसाठी एसक्यूलाइट वापरणारा प्रोग्रॅम धरला आहे. बांधणी, म्हणजे कोडपासून विंडोजवर थेट चालणारी ईएक्सई फाइल काढणं, पायइन्स्टॉलरने; आणि इन्स्टॉलर, म्हणजे तो प्रोग्रॅम मशीनवर बसवणारी सेटअप फाइल, इनो सेटअपने. तुम्ही सी शार्पमध्ये लिहीत असाल तर बांधणीचा भाग बदलेल, बाकी जवळजवळ सगळं तेच राहील. स्क्रिप्टमधली आणि आज्ञांमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती त्या त्या साधनाच्या मदत-पानांत दिली आहेत तशीच रोमन लिपीत टाकायची.

इन्स्टॉलर चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. बसवणाऱ्याने कुठलंही बटण, कुठल्याही क्रमाने दाबलं तरी दुकानाचा हिशेब जाता कामा नये. पुढचे जवळपास सगळे निर्णय यातूनच निघतात.

आधी दुकानातलं मशीन बघा

तुमच्या लॅपटॉपवर काय आहे याला इथे किंमत नाही. गिऱ्हाइकाकडे काय आहे ते आधी लिहून काढा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून विनव्हर टाइप केलं की विंडोजची आवृत्ती कळते. सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या अबाउट पानावर ३२ बिट की ६४ बिट, रॅम किती हे दिसतं. फोनवरूनही दिवाणजींकडून ही माहिती दोन मिनिटांत मिळते.

विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एखाद्या मशीनला जोडलेला जुना पीसी अजून विंडोज ७ वर चालताना दिसला तर नवल वाटू देऊ नका. याचा परिणाम थेट तुमच्या बांधणीवर होतो. विंडोज ७ वर चालणारी पायथॉनची शेवटची मालिका ३.८. पायसाइड ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं आहे तिच्या ६ व्या आवृत्तीला किमान विंडोज १० लागतं, आणि पायसाइड ६ विंडोजसाठी फक्त ६४ बिटमध्ये मिळतं. म्हणजे विंडोज ७ धरायचं ठरलं तर पायथॉन ३.८ आणि क्यूटी ५.१५ या जुन्या जोडीवरच सगळं लिहावं लागेल, आणि तिला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. नव्या सॉफ्टवेअरसाठी ६४ बिट विंडोज १० आणि ११ एवढंच धरा आणि ते दरपत्रकातच लिहा. एका जुन्या पीसीसाठी सगळं सॉफ्टवेअर मागे ओढण्यापेक्षा त्या मालकांना तो पीसी बदलण्याचा खर्च समजावून सांगणं जास्त प्रामाणिक आहे.

प्रोग्रॅम एकीकडे, हिशेब दुसरीकडे

बांधणीला हात घालण्याआधी कोडमध्येच ही फाळणी करून घ्या. झिपवाल्या पद्धतीत डेटाबेसची फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच असते. इन्स्टॉलर आला की प्रोग्रॅम सहसा जातो प्रोग्रॅम फाइल्समध्ये, आणि तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. काही जण यावर उपाय म्हणून शॉर्टकटला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' लावून देतात. ते करू नका. रोजची पट्टी काढायला ॲडमिनचे अधिकार लागत असतील तर त्याच अधिकारांनी कुठलाही व्हायरसही आत शिरेल. त्यात जुन्या पद्धतीने बांधलेल्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या बाबतीत विंडोज एक सोय करतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेलेली फाइल ते गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. मग एका युजरला एक हिशेब दिसतो, दुसऱ्याला दुसरा, आणि कुठला खरा हे शोधण्यात दिवस जातो.

डेटा ठेवायला दोन योग्य जागा आहेत. दुकानात सगळे एकाच विंडोज युजरने काम करत असतील तर त्या युजरच्या ॲपडेटामधलं लोकल फोल्डर. वेगवेगळे युजर असून हिशेब एकच असेल तर प्रोग्रॅमडेटा. या दुसऱ्या जागेची एक खोच आहे. तिथे एका युजरने तयार केलेली फाइल दुसऱ्या साध्या युजरला डीफॉल्टने बदलता येत नाही. म्हणून तुमच्या उपफोल्डरला सगळ्या युजरना बदलाची परवानगी इन्स्टॉलरने द्यावी लागते. इनोच्या स्क्रिप्टमधल्या डर्स (फोल्डरांच्या) विभागात परमिशन्सपुढे युजर्स-मॉडिफाय लिहिलं की ते होतं.

डॉक्युमेंट्समध्ये चालता डेटाबेस ठेवू नका. अनेक मशीनवर ते फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असतं. उघड्या एसक्यूलाइट फाइलला वरून सिंक करणारं दुसरं कुणी हात लावत असेल तर फाइल बिघडण्याची भीती असते. बॅकअपच्या प्रती मात्र तिथे जरूर जाव्यात. प्रत काढताना उघड्या फाइलची नुसती कॉपी करू नका. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय वापरा, किंवा व्हॅक्यूम इन्टू ही आज्ञा द्या, म्हणजे प्रत नेहमी सुसंगत निघते.

आणि बॅकअपची जागा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडतानाच विचारून घ्या. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर ज्या गावाने पाहिला, तिथे बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून भागत नाही. एक प्रत दुकानाबाहेर, ढगात नाहीतर मालकांच्या घरी, राहिलीच पाहिजे.

दोन काउंटरवरून एकच हिशेब चालवायचा असेल तर एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून तो प्रश्न सुटत नाही. एका वेळी एकानेच लिहावं म्हणून ती लावते ती कुलपं नेटवर्क फोल्डरवर भरवशाची नसतात, आणि वॉल ही नोंद-पद्धत तर तिथे चालतच नाही. तिथे सर्व्हर डेटाबेसच लागतो.

बांधणी

कामासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथॉनचा स्वतंत्र कप्पा, करा आणि त्यात फक्त लागणाऱ्या लायब्ररी, त्यांच्या ठरलेल्या आवृत्त्यांसह, टाका. रोजच्या पायथॉनमधून बांधणी केली की प्रयोगासाठी टाकलेलं कायकाय आत शिरतं आणि शंभर एमबीचा प्रोग्रॅम चारशेचा होतो. बांधणी विंडोजवरच करा. पायइन्स्टॉलर लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई काढून देत नाही.

पायइन्स्टॉलर दोन प्रकारे बांधतो: सगळं एका फाइलमध्ये, किंवा एका फोल्डरमध्ये. एक फाइल दिसायला सुटसुटीत, म्हणून नवखे तिकडे जातात. पण ती फाइल उघडली की दर वेळी आतला सगळा ऐवज टेम्प फोल्डरमध्ये सुटा होतो आणि मग प्रोग्रॅम सुरू होतो. जुनी हार्ड डिस्क असलेल्या पीसीवर तेवढ्यात दिवाणजी शॉर्टकटवर आणखी तीनदा टिचकी मारतात आणि चार खिडक्या उघडतात. शिवाय स्वतःला टेम्पमध्ये उलगडणारी फाइल अँटिव्हायरसला लवकर संशयास्पद वाटते. आपण इन्स्टॉलर देणारच आहोत, म्हणजे युजरला एकच फाइल मिळणार आहे. म्हणून बांधणी फोल्डरचीच ठेवा. यूपीएक्स नावाचं आकुंचन बंद ठेवा. त्यानेही अँटिव्हायरसचे खोटे इशारे वाढतात, आणि आकार कमी करायला इनो समर्थ आहे.

पहिल्यांदा आज्ञा दिली की स्पेक नावाची फाइल तयार होते. पुढचे सगळे बदल तिच्यात करा आणि ती कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवा. पट्टीचा नमुना, आयकॉन, फॉन्ट या फाइली तिच्यातल्या डेटाजच्या यादीत द्याव्या लागतात, पायइन्स्टॉलरला त्या आपोआप कळत नाहीत. नाव चालताना ठरवून आयात होणारी मॉड्यूलंही त्याच्या नजरेतून सुटतात, ती हिडन इम्पोर्ट्समध्ये लिहायची. कोडमध्ये या फाइलींचा पत्ता चालू फोल्डरवरून काढू नका, मॉड्यूलच्या स्वतःच्या जागेवरून काढा. शॉर्टकटवरून उघडलेल्या प्रोग्रॅमचं चालू फोल्डर कुठलंही असू शकतं.

काळी कन्सोल खिडकी नको म्हणून विंडोड पर्याय निवडाल. तो निवडल्यावर पायथॉनचे छापील आउटपुटचे प्रवाह रिकामे होतात, आणि त्यात थेट लिहू पाहणारी एखादी लायब्ररी तिथेच कोसळते. सगळे संदेश डेटा फोल्डरमधल्या लॉग फाइलमध्ये जातील असं आधीच करा. न पकडलेल्या चुकांचाही तपशील तिथेच उतरू द्या. नंतर 'प्रोग्रॅम उघडतच नाही' असा फोन आला की ती एक फाइल व्हॉट्सॲपवर मागवता येते.

ईएक्सईला आवृत्ती, कंपनीचं नाव आणि वर्णन देणारी माहिती जोडा, आणि १६, ३२, ४८ व २५६ पिक्सेल असे सगळे आकार असलेला आयकॉन द्या. पायइन्स्टॉलर ६ पासून प्रोग्रॅमच्या ईएक्सईशेजारी इंटर्नल नावाचं फोल्डर बनतं आणि बाकी सगळं त्यात जातं. हे लक्षात ठेवा, इन्स्टॉलरमध्ये त्याचं काम आहे.

सी शार्पवाल्यांसाठी थोडक्यात: डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ हे विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजसोबतच येतं, त्यामुळे त्यावर लिहिलं असेल तर बरोबर काही द्यावं लागत नाही. नव्या डॉटनेटवर असाल तर सेल्फ-कंटेन्ड प्रकारे, म्हणजे चालायला लागणारा रनटाइम सोबत घेऊन, पब्लिश करा. आकार वाढतो, पण दुकानात बसून रनटाइम उतरवत बसावं लागत नाही.

मराठी नीट दिसली पाहिजे

आपल्या मशीनवर मंगल फॉन्ट असतो म्हणून तो सगळीकडे असेल असं धरू नका. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक भाषा-सुविधेत गेले. हमखास असतो तो निर्मला यूआय. छापील पट्टीची मांडणी एका फॉन्टच्या रुंदीवर बेतलेली असेल तर फॉन्ट सोबत द्यायलाच हवा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, सॉफ्टवेअरसोबत वाटता येतात. परवान्याची फाइल तेवढी बरोबर ठेवा. ते विंडोजमध्ये बसवायचीही गरज नाही. क्यूटीमध्ये फॉन्ट फक्त आपल्या प्रोग्रॅमपुरता लोड करता येतो, आणि त्याला ॲडमिन परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट युजरच्या नावाची. विंडोज बसवताना कुणी लोकल अकाउंटचं नाव मराठीत टाकलं असेल तर त्या युजरचं फोल्डरही देवनागरी नावाचं होतं, आणि तुमच्या डेटाबेसचा पत्ता त्यातूनच जातो. पायथॉन आणि एसक्यूलाइट हे सांभाळतात. पण मध्ये एखादी जुनी सी लायब्ररी असेल, बारकोडची किंवा काट्यावरून वजन वाचणारी, तर ती अडखळू शकते. त्यामुळे असा एक युजर करून चाचणी घ्यायचीच.

इनो सेटअपची स्क्रिप्ट

इनो सेटअप हे जॉर्डन रसेल यांनी १९९७ साली आणलेलं साधन. एनएसआयएस, विक्स असे इतर पर्याय आहेत, मायक्रोसॉफ्टचं एमएसआयएक्सही आहे. मोठ्या कंपनीत शेकडो मशीनवर केंद्रातून बसवायचं असेल तर एमएसआय, म्हणजे विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर-प्रकार, लागेल. दुकानासाठी इनो पुरतं आणि वर उरतं. विझार्डने पहिली स्क्रिप्ट तयार करून घ्या आणि मग ती हाताने सुधारा.

सगळ्यात आधी ॲपआयडी. हा जीयूआयडी, म्हणजे जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा ओळख-क्रमांक, एकदा तयार करायचा आणि सॉफ्टवेअर जिवंत आहे तोवर बदलायचा नाही. नाव बदललं, आवृत्ती बदलली, कंपनी बदलली तरी नाही. याच्यावरूनच इनोला कळतं की हे जुन्यावरचं अपडेट आहे. तो बदलला की दोन प्रोग्रॅम शेजारीशेजारी बसतात आणि दिवाणजी जुनाच उघडत राहतात.

मग परवानगीचा प्रश्न. प्रिव्हिलेजेस रिक्वायर्डला लोएस्ट दिलं आणि बसवायची जागा ऑटोपीएफ ठेवली, तर प्रोग्रॅम त्या युजरच्या लोकल ॲपडेटामधल्या प्रोग्रॅम्समध्ये बसतो आणि ॲडमिन पासवर्ड विचारला जात नाही. एका युजरच्या दुकानाला मी हाच मार्ग सुचवेन, कारण पासवर्ड बहुधा मालकांच्या मुलाकडे असतो आणि तो पुण्यात असतो. अनेक युजर असतील तर ॲडमिन ठेवा आणि डेटा प्रोग्रॅमडेटात. एकदा निवडलेली पद्धत मध्येच बदलू नका.

फाइल्स विभागात बांधणीचं अख्खं फोल्डर उपफोल्डरांसह द्या आणि इग्नोअरव्हर्जन हा फ्लॅग लावा, म्हणजे अपडेटमध्ये प्रत्येक फाइल नक्की बदलली जाते. डेटाबेस फाइल या विभागात अजिबात घालू नका. कोरा डेटाबेस इन्स्टॉलरने ठेवायचा नाही. प्रोग्रॅमने पहिल्यांदा उघडताना, आधीचा नसेल तरच, तयार करायचा. इन्स्टॉलरच्या यादीत जी फाइल नाही ती त्याच्याकडून पुसलीही जात नाही. हमाली-तोलाईच्या दरांचा नमुना देण्यासारखी एखादी फाइल डेटा फोल्डरमध्ये टाकायचीच असेल तर दोन फ्लॅग लावा: ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट आणि अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल. पहिल्यामुळे दुकानाने बदललेल्या दरांवर नमुना चढत नाही, दुसऱ्यामुळे प्रोग्रॅम काढला तरी फाइल राहते.

आता त्या इंटर्नल फोल्डरचं. नव्या आवृत्तीत एखादी लायब्ररी गेली किंवा तिचं नाव बदललं, तरी जुनी फाइल दुकानातल्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. कधीतरी नवा प्रोग्रॅम तीच जुनी फाइल उचलतो, आणि तुमच्या मशीनवर कधीच न दिसणारी चूक दुकानात दिसते. यासाठी इन्स्टॉलडिलीट विभागात प्रोग्रॅम फोल्डरमधलं इंटर्नल हे एकच फोल्डर नेमकं नाव घेऊन पुसायला सांगा. इथे तारांकन टाकून 'सगळंच पूस' असं लिहिण्याचा मोह टाळा. अनइन्स्टॉलडिलीट विभागात डेटा फोल्डरचं नावही येऊ देऊ नका. प्रोग्रॅम काढून परत टाकणं हा आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावरचा पहिला उपाय असतो, आणि त्यात हंगामाचा हिशेब जाता कामा नये.

ॲपम्युटेक्सही वापरा. प्रोग्रॅमने सुरू होताना विंडोजमध्ये एका ठरलेल्या नावाचा म्युटेक्स, म्हणजे 'मी चालू आहे' अशी खूण, तयार करायचा आणि तेच नाव स्क्रिप्टमध्ये लिहायचं. पट्टीची खिडकी उघडी असताना अपडेट सुरू केलं तर इनो थांबून ती बंद करायला सांगतो. पायथॉनमधून हे सीटाइप्स या त्याच्यासोबतच येणाऱ्या लायब्ररीच्या दोन ओळींत होतं. तोच म्युटेक्स आधीपासून आहे का हे बघून दुसरी खिडकी उघडणंही रोखता येतं.

उरलेलं भराभर. कॉम्प्रेशन एलझेडएमए२, सॉलिड कॉम्प्रेशन चालू. सेटअपलॉगिंग चालू ठेवा, म्हणजे बसवतानाची नोंद टेम्प फोल्डरमध्ये राहते. आउटपुट फाइलच्या नावात आवृत्ती असू द्या, कारण व्हॉट्सॲपवर 'सेटअप' नावाच्या पाच फाइली साठल्या की नवी कुठली हे कुणी सांगू शकत नाही. आवृत्ती दोन ठिकाणी हाताने लिहू नका. इनोच्या प्रीप्रोसेसरला ती तुमच्या ईएक्सईमधूनच वाचता येते. आयकॉन्स विभागात स्टार्ट मेन्यू आणि डेस्कटॉप दोन्हीकडे शॉर्टकट द्या.

विझार्डचे संदेश मराठीत हवेत. इनोची डीफॉल्ट संदेश-फाइल कॉपी करा, वाक्यं मराठीत लिहा, यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची लिपी-खूण) सेव्ह करा आणि लँग्वेजेस विभागात तिचं नाव द्या. पुस्तकी मराठी लिहू नका. बटणावर 'पुढे', 'मागे', 'रद्द करा' एवढं पुरतं. 'प्रोग्रॅम काढला तरी तुमचा हिशेब सुरक्षित राहील' हे वाक्य अनइन्स्टॉलच्या प्रश्नात नक्की घाला.

वजनकाट्याच्या केबलचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये कोंबून तो सगळ्यांच्या मशीनवर बसवू नका. प्रत्येकाकडे यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरची चिप वेगळी असते, आणि ड्रायव्हरसाठी ॲडमिन परवानगी लागतेच. तो वेगळा ठेवा, जोडणीच्या दिवशी हाताने बसवा.

निळी खिडकी आणि डिजिटल सही

फाइल डाउनलोड करून उघडली की फोन येतो: "साहेब, निळी खिडकी आलीया, विंडोजनं तुमचा पीसी वाचवला म्हणतंय. काय दाबू?" ही स्मार्टस्क्रीनची सूचना. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं आणि अशी फाइल अनोळखी असेल तर थांबवतं. ही खूण एनटीएफएस डिस्कवर फाइलसोबत राहते; एफएटी३२ किंवा एक्सफॅट पेन ड्राइव्हवर ती टिकत नाही. म्हणून तीच फाइल पेन ड्राइव्हने नेली की बहुधा खिडकी येत नाही. पेन ड्राइव्ह जास्त सुरक्षित आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये.

यावर खरा उपाय कोड सायनिंग सर्टिफिकेट, म्हणजे प्रोग्रॅम तुमचाच आहे हे सांगणाऱ्या डिजिटल सहीचा दाखला. जीएसटी आणि आयकर रिटर्नसाठी सीए मंडळी वापरतात ती डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) इथे चालत नाही. कोड सायनिंगसाठी वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणारी संस्था तुमच्या धंद्याची कागदपत्रं तपासते. १ जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्ये, म्हणजे यूएसबी टोकनमध्ये किंवा तशाच सेवेत, ठेवणं बंधनकारक आहे. साधी फाइल म्हणून ती आता मिळत नाही. सही मायक्रोसॉफ्टच्या साइनटूलने करायची, एसएचए-२५६ वापरून, आणि टाइमस्टॅम्पसह. टाइमस्टॅम्प असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपल्यानंतरही जुन्या इन्स्टॉलरवरची सही ग्राह्य राहते. प्रोग्रॅमची ईएक्सई आधी, मग सेटअप आणि अनइन्स्टॉलर. शेवटच्या दोन्हींवर इनो स्वतः सही करून घेतो, साइनटूलची आज्ञा त्याला दिली की झालं. सही केल्या दिवसापासून निळी खिडकी बंद होईलच असं नाही. स्मार्टस्क्रीन प्रकाशकाची ओळखही हळूहळू बांधत जातं.

सर्टिफिकेटचा दरवर्षीचा खर्च सुरुवातीला परवडत नसेल तर माहितीपत्रकात निळ्या खिडकीचं चित्र छापा आणि 'मोअर इन्फो', मग 'रन एनीवे' असा क्रम दाखवा. शेजारी फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, द्या. विंडोजमधल्याच सर्टयुटिल या आज्ञेने तो ताडून बघता येतो. काही नव्या विंडोज ११ मशीनवर स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असतं, आणि ते सही नसलेल्या अनोळखी प्रोग्रॅमला 'रन एनीवे'चीही वाट ठेवत नाही. तिथे सहीशिवाय गत्यंतर नाही.

अँटिव्हायरसने फाइल उचलली तर ती खोटी ओरड म्हणून त्या कंपनीला कळवा. मायक्रोसॉफ्टसह बहुतेकांची त्यासाठी वेबवर सोय आहे. युजरला 'अँटिव्हायरस बंद करून टाका' असं कधीही सांगू नका. तो एकदा बंद केला की परत चालू करायचा राहून जातो, आणि त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचं बँकेचं काम चालतं.

कोऱ्या मशीनवर चाचणी

तुमच्या मशीनवर पायथॉन आहे, क्यूटी आहे, व्हिज्युअल सीची रनटाइम आहे. तिथे झालेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. दर वेळी कोरं विंडोज मिळतं, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ते नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारं साधन) घ्या आणि कोऱ्या विंडोजचा स्नॅपशॉट, म्हणजे परत फिरता येईल अशी प्रत, ठेवा. रीस्टार्टनंतरच्या चाचण्यांसाठी तसंही व्हर्च्युअलबॉक्सच बरं.

साध्या युजरने, ॲडमिन नसताना, इंटरनेट बंद ठेवून बसवून बघा. देवनागरी नावाच्या युजरने बसवून बघा. पडदा १३६६ बाय ७६८ आणि अक्षरं १२५ टक्के करा. 'पट्टी छापा' हे बटण पडद्याखाली गेलं नाही ना ते पाहा. विंडोजची तारखेची मांडणी अमेरिकी करून पाहा. ५ एप्रिलची पट्टी ४ मेला पडणारं सॉफ्टवेअर वर्षअखेरीला सगळ्यांच्या जिवाला घोर लावतं.

त्यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. जुनी आवृत्ती बसवा, दहा-वीस पट्ट्या टाका, गुळाचे ३० किलोचे रवे, एक किलोच्या भेल्या, सगळं मिसळून. वरून नवी बसवा. पट्ट्या तशाच आहेत का बघा. प्रोग्रॅम काढा, परत बसवा, परत बघा. मग बसवणं चालू असताना व्हर्च्युअल मशीनची वीजच तोडा आणि सुरू करून तोच सेटअप पुन्हा चालवा. दुकानात वीज जातेच, आणि प्रत्येकाकडे यूपीएस नसतो. अर्धवट बसलेल्या प्रोग्रॅमवर सेटअप दुसऱ्यांदा चालवला की सगळं जागेवर यायला हवं, आणि हिशेबाला धक्का लागलेला नसावा.

अपडेट आणि वाटप

नव्या आवृत्तीत डेटाबेसची रचना बदलते, एखादा रकाना वाढतो. हा बदल इन्स्टॉलरवर सोपवू नका, प्रोग्रॅमने उघडताना करावा. एसक्यूलाइटमध्ये युजर व्हर्जन नावाचा एक आकडा फाइलमध्येच ठेवता येतो. प्रोग्रॅम तो वाचतो, जुना असेल तर आधी बॅकअप घेतो, मग एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं झालं तर झालं, नाहीतर काहीच नाही) बदल करतो आणि आकडा वाढवतो. मध्ये काही चुकलं तर फाइल आधीसारखी राहते. उलटी शक्यताही धरा. नव्या रचनेची फाइल जुन्या प्रोग्रॅमने उघडली तर त्याने लिहायला नकार द्यावा आणि मराठीत सरळ सांगावं की नवी आवृत्ती बसवा.

इन्स्टॉलर जीमेलने पाठवायला जाऊ नका. ईएक्सई ते अडवतं, झिपमध्ये घातली तरी. स्वतःच्या साइटवर एचटीटीपीएस दुव्यावर ठेवा आणि व्हॉट्सॲपवर फक्त दुवा पाठवा, म्हणजे मिळते ती नेहमी ताजी प्रत. प्रोग्रॅमच्या मुख्य खिडकीच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा कायम दिसू द्या. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो. तुमच्याकडच्या इतर मशीनवर न बोलता बसवायला व्हेरीसायलेंट हा पर्याय आहे, पण दुकानात तो वापरू नका. काय चाललं आहे हे माणसाला दिसलं पाहिजे.

आणि वेळ बघून पाठवा. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की यार्डात कुणाला मान वर करायला सवड नसते, आणि मार्चअखेरीला हिशेब जुळवणं चालू असतं. या दोन्ही काळांत जीवघेणी चूक दुरुस्त करायची नसेल तर काहीही पाठवू नका. मोठे बदल गुऱ्हाळं थंडावल्यानंतरच्या पावसाळी महिन्यांत द्या. तेव्हाही आधी एकाच दुकानात, जिथले दिवाणजी चूक दिसली की लगेच फोन करतात तिथे. आठवडाभर तिथल्या पट्ट्या बिनघोर निघाल्या की बाकीच्यांना दुवा पाठवा. आधीच्या दोन आवृत्त्यांचे इन्स्टॉलर, त्यांच्या हॅशसह, सर्व्हरवरून काढू नका. माघारी फिरायची वेळ आली तर जुनी आवृत्ती आणि अपडेटआधीचा बॅकअप, दोन्ही लागतात.